डेलोक नदीवरची चाळ: बोर्निओत दोन मुक्काम

ऑगस्टात नदीला पाणी कमी असतं, हे आम्हाला सांगितलं होतं. आम्हीच मनावर घेतलं नव्हतं. होडीच्या नाकावर उभा असलेला काका लांब बांबूने तळ चाचपत होता, मागे त्याचा भाचा मोटर सांभाळत होता, आणि दर दहा मिनिटांनी काका मागे वळून हाताने खूण करायचा: उतरा. मग गुडघाभर पाण्यात उतरायचं, गोट्यांवरून घसरत होडी ढकलायची, परत चढायचं. तिसऱ्या वेळी माझा एक फ्लोटर प्रवाहाबरोबर गेला. दीड तासाच्या वाटेला सव्वादोन तास लागले.

हे ठिकाण मलेशियाच्या सारावाक राज्यातलं, बोर्निओ बेटावरचं. डेलोक नदीच्या काठी नांगा सुम्पा नावाचं, इबान या तिथल्या आदिवासी लोकांचं लाँगहाऊस आहे. नांगा म्हणजे जिथे ओढा नदीला मिळतो ते तोंड. खाली जलाशय आणि राष्ट्रीय उद्यान आहे, दोन्हींचं नाव बातांग आई. बातांग म्हणजे मोठी नदी आणि इबान भाषेत आई म्हणजे पाणी. यावर मराठी माणूस जे विनोद करेल ते सगळे आमचे पहिल्या तासातच करून झाले.

जलाशय १९८५च्या धरणाचा, वीजनिर्मिती १०८ मेगावॉटची. पाण्यातून अजून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले दिसतात. खाली कितीतरी लाँगहाऊसं बुडाली, माणसं दुसरीकडे वसवली गेली. कोयनेकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

लाँगहाऊस म्हणजे काय, हे लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला एका क्षणात कळलं. खांबांवर उभी असलेली एक लांबलचक इमारत. एका बाजूला ओळीने दारं, प्रत्येक दारामागे एक बिऱ्हाड, त्याला बिलिक म्हणतात. दारांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत छपराखालची गॅलरी, ती रुआई. तिच्यापुढे उघडा सज्जा, तो तांजू. तिथे मिरी वाळत घातलेली असते. खासगी ते बिलिकमध्ये, बाकी सगळा संसार रुआईत: जाळी विणणं, बाळाला झोपवणं, भांडणं, पत्ते. खांबांना झुंजीचे कोंबडे बांधलेले असतात. ते पहाटे चारला आरवतात, तेव्हा कानात घालायचे बोळे न्याच.

पाहुण्यांची झोपायची सोय शेजारच्या वेगळ्या लाकडी घरात आहे: गाद्या, मच्छरदाण्या, साधं न्हाणीघर. पण संध्याकाळ रुआईतच घालवा. दुसऱ्या दिवशी एक आजी चटईवर बसून पुआ कुंबू विणत होती. मागाचा पट्टा तिच्या कमरेला, दुसरं टोक खांबाला, ताण द्यायचा तो पाठ मागे रेलून. सूत आधीच गाठी मारून रंगवलेलं, त्यामुळे नक्षी विणताना हळूहळू उमटते. लाल रंग कशाचा म्हणून विचारलं, तर तिने खालच्या झुडपाकडे बोट दाखवलं. आपली बारतोंडीच ती, म्हणजे आल. आपल्याकडचे जुने रंगारीही तिच्याच मुळांपासून लाल रंग काढायचे. मी वाकून बघायला गेले आणि चपलेसकट चटईवर पाय ठेवला. आजी काही बोलली नाही, नुसतं पायाकडे बघितलं. तुम्ही चपला चटईच्या बाहेरच काढा.

भेटवस्तू थेट मुलांच्या हातात देऊ नका. तुआई रुमाह, म्हणजे घराचे मुखिया, यांच्याकडे द्या. ते सगळ्या दारांत सारखी वाटतात. मी घरून चकल्यांची दोन पाकिटं नेली होती, त्यांचे वाटे पडले तेव्हा दाराला दीड चकली आली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साखर, कॉफी, बिस्किटं वाटेत सेरियानच्या बाजारातून भरपूर घ्या.

तुआक ही तांदळाची दारू, गोडसर आणि फसवी. रात्री पेला फिरत येतो. पीत नसाल तर तोंडावर नाही म्हणू नका. पेल्याला बोट लावून ओठांना लावायचं. दिलेलं अन्न-पाणी झिडकारलं की अपघात होतो अशी समजूत आहे, तिला पुनी म्हणतात. बोट लावलं की मान राखला जातो.

शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. माझा नवरा कट्टर शाकाहारी. बुकिंग करणाऱ्याने ‘व्हेज मिळेल’ सांगितलं होतं, आणि पहिल्याच जेवणात नेच्याच्या कोवळ्या कोंबांच्या, म्हणजे मिदिनच्या, भाजीत बेलाचान निघालं. ते सुकटीच्या कोळंबीचं वाटण. इथे ते मिठाइतकं सहज पडतं. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही, ‘बेलाचान नको’ असं नाव घेऊन सांगा. मग मात्र बांबूत शिजवलेला डोंगरी भात, टॅपिओकाचा पाला, काकडी असं झकास मिळालं. मी बांबूतली कोंबडी, मानोक पान्सोह, खाल्ली. त्याबद्दल नवऱ्यासमोर फार बोलत नाही.

जायचं कसं? क्वालालंपूरहून विमानाने कुचिंग. सारावाकचं इमिग्रेशन स्वतःचं आहे, पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. तिथून धक्क्यापर्यंत गाडीने साडेचार-पाच तास. होडी लाँगहाऊसमधूनच बोलवावी लागते, त्यामुळे कुचिंगमधल्या एखाद्या जाणत्या एजंटामार्फतच जा. घरात कुणी वारलं असेल तर दुखवट्यात पाहुणे घेत नाहीत. बेत बदलायची तयारी ठेवा. रोख रिंगिट कुचिंगमध्येच काढा, फोन गाडीतच मुका होतो. जळवांसाठी लांब मोजे, डासांसाठी मलम. माकडांकडून येणारा मलेरिया या भागात आहे, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. ओरांगउटानची फार आशा धरू नका. आम्हाला झाडांवरची त्यांची घरटी दिसली, मालक नाही.

दुसऱ्या रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी नदी चहाच्या रंगाची आणि काठोकाठ, ढकलायचे ते सगळे खडक पाण्याखाली. तासाभरात धक्का आला, एकदाही उतरावं लागलं नाही. फ्लोटर कुठे अडकलेला दिसतो का, म्हणून मी दोन्ही काठ बघत होते. काकाही बघत होता आणि हसत होता.