आईसोबत घारापुरी

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे न पाहताच मी आईला घेऊन गेटवे ऑफ इंडियाला पोहोचलो आणि तेथूनच परत फिरलो. “शंकराचं देऊळ, आणि नेमकं सोमवारीच बंद?” हा तिचा प्रश्न रास्त होता. आईच्या लेखी ते देवस्थान असले, तरी सरकारदरबारी ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि तेथील सुट्टी देवाच्या वारावर ठरत नाही.

बुधवारी पुन्हा निघालो. लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास, धक्क्यापासून छोटी रेल्वे, ग्रामपंचायतीचा कर आणि नंतर दुतर्फा दुकाने असलेल्या सुमारे १२० पायऱ्या. डोलीला आईने नकार दिल्यामुळे आम्ही थांबत थांबत चढलो. लेण्याचे तिकीट वर वेगळे काढावे लागते, आणि हातातली खाण्याची पिशवी माकडांपासून सांभाळावी लागते.

उत्तरेकडून आत शिरल्यावर समोरच्या भिंतीतील सुमारे २० फुटी त्रिमूर्तीकडेच सगळे वळतात. तिला ब्रह्मा-विष्णु-महेश समजण्याचा प्रघात आहे, पण तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. आईने मात्र हात जोडून लगेच विचारले, “पिंडी कुठे आहे?” ती उजवीकडे, चारही दिशांना दारे असलेल्या गाभाऱ्यात आहे आणि प्रत्येक दाराशी दोन भव्य द्वारपाल उभे आहेत. ना पुजारी, ना घंटा. बेल वाहू नये असे तेथील रखवालदाराने सौम्यपणे सांगितले, तेव्हा आईने तो पिशवीतच ठेवला आणि चारही दारांशी थांबून नमस्कार केला.

जवळच शिव-पार्वती विवाहाचे शिल्प आहे. बऱ्याच मूर्तींप्रमाणे त्याचीही मोडतोड झालेली आहे, आणि ते आईने माझ्यापेक्षा नीट पाहिले. “नवरी अजून उजवीकडे उभी आहे, म्हणजे लग्न लागायचंय,” असे ती सहज म्हणाली. मी घरून वाचून आलो होतो खरा, पण पार्वती कोणत्या बाजूला उभी आहे याकडे माझे लक्षच गेले नव्हते. त्यानंतर रावणानुग्रह, अर्धनारीश्वर, गंगाधर ही शिल्पे मी तिला दाखवण्याऐवजी तीच मला दाखवत गेली.

पिशवीतला बेल तिने रात्री घरी देव्हाऱ्यातल्या पिंडीवर वाहिला.