सहा जणांची कॉफी आणि एक पातेले

कयाक वल्हवत नदी उतरायची आणि संध्याकाळी काठावर तंबू ठोकायचा, अशा पहिल्याच सफरीत सहा जणांच्या कॉफीची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली, आणि घरी एकट्यासाठी करतो त्याच पद्धतीने ती पार पडेल असे गृहीत धरले. कपावर ठेवून कॉफी गाळायचा ड्रिपर, कागदी फिल्टर, हाताने फिरवायचा ग्राइंडर असा सगळा सरंजाम सोबत होता. मात्र त्यातून एका वेळी एकच कप निघत असे. सहाव्याच्या हाती कप पडला तेव्हा पहिल्याने आपला कप धुऊन तंबूही गुंडाळला होता. दुसऱ्या दिवशी तर साध्या पिशवीत ठेवलेल्या फिल्टरांचा कयाकच्या तळाशी साचलेल्या पाण्याने लगदाच झाला.

त्याच सकाळी स्टोव्हनेही दगा दिला. पारा शून्याच्या खाली गेला होता आणि माझ्या गॅसच्या डब्यात निव्वळ ब्युटेन होता, जो सुमारे उणे 0.5 अंश सेल्सिअसला उकळतो. त्याहून अधिक थंडीत त्याची पुरेशी वाफच होत नाही, मग ज्योत कशी धरणार? तेव्हापासून मी आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असलेला डबा नेतो. प्रोपेन उणे 42 अंशांनाही उकळत असल्यामुळे थंडीत दाब टिकतो. वारा अडवायला पत्रा लावतो, पण डबा त्यात कोंडला जाऊन तापणार नाही एवढी जागा सोडतो. पाऊस असला तरी स्टोव्ह तंबूत पेटवत नाही, कारण ज्योतीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

पुढच्या सफरीपासून मी पातेल्यावर आलो. लिटरला 60 ग्रॅम हे माझे प्रमाण. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो हे लक्षात घेऊन सहा जणांसाठी दीड लिटर पाणी आणि 90 ग्रॅम जाडसर पूड घेतो. म्हणजे प्रत्येकाला 200 मिलिलिटर मिळून तळाशी थोडे उरते. पूड घरीच वजन करून, प्रत्येक सकाळची वेगळी पुडी बांधून ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, जाते. ताज्या दळलेल्या पुडीचा सुगंध यात थोडा गमावतो, हे मान्य.

नदीचे पाणी असेल तर आधणाला खळखळून उकळी आल्यावर ते पूर्ण एक मिनिट उकळू देतो, आणि 2000 मीटरच्या वर असलो तर तीन मिनिटे. मग पातेले खाली उतरवून अर्धा मिनिट थांबतो, पूड घालून ढवळतो आणि झाकण ठेवतो. चार मिनिटांनी वर आलेला थर पळीने मोडतो, थोडे गार पाणी शिंपडतो (तेही आदल्या रात्री उकळून ठेवलेलेच, नाहीतर उकळण्याचा खटाटोप कशासाठी?) आणि गाळ बसेपर्यंत पातेल्याला कोणालाही हात लावू देत नाही. खरी परीक्षा या दोन-तीन मिनिटांत असते, कारण तोवर सगळे कप घेऊन भोवती जमलेले असतात.

ओततानाही घाई चालत नाही. वरची कॉफी फिकी आणि खालची कडक असते, म्हणून आधी सगळ्यांना अर्धा अर्धा कप देऊन मग उलट्या क्रमाने कप भरतो. दुधाची भुकटी ज्याची त्याने घालावी. दुपारसाठी वेगळी कॉफी करून ती लगेच थर्मासमध्ये भरतो, कारण चोथ्यावर राहिली की ती कडवट होत जाते; मग भर पाण्यात कयाक एकमेकींना लावून, कडा धरून थर्मास हातोहात फिरतो.

चोथा पाण्यात टाकत नाही. वेगळ्या पिशवीत भरून परत आणतो. पातेले विसळलेले पाणीही गाळून, काठापासून निदान 60 मीटर आत पसरून टाकतो. तळाशी उरलेला गाळकट अर्धा कप मात्र कॉफी करणाऱ्याने प्यायचा, असे आमच्यात ठरले आहे, आणि तो आजवर माझ्याच वाट्याला आला आहे.