स्प्रॉकेट बदलल्यावर स्पीडोमीटरमधून नेमके किती टक्के वजा करायचे

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, एका दात्याने लहान केलं की पिकअप सुधारतो आणि मीटर फुगतो, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, असं सरसकट सांगितलं जातं. पुष्कळ गाड्यांत ते खरं आहे, सगळ्यांत नाही. मीटर वेग कुठून उचलतो हे आधी ठरवा. पुढच्या चाकावरून उचलत असेल, मग ती जुनी केबल असो वा एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकची) दातेरी रिंग, तर स्प्रॉकेटशी त्याचा काही संबंध नाही. मागच्या चाकावरच्या रिंगवरून उचलत असेल तरी नाही. फरक पडतो तो सेन्सर चेनच्या अलीकडे, गिअरबॉक्सवर असेल तेव्हाच. तो तिथल्या एखाद्या गिअरचे दाते मोजतो किंवा पुढच्या स्प्रॉकेटसोबत फिरणारी रिंग. शाफ्टच्या किती फेऱ्यांना मागचं चाक एकदा फिरतं, हे मीटरने कारखान्यातच गृहीत धरलेलं असतं. तुम्ही ते गृहीतक बदललंत, मीटरला कोणी सांगितलं नाही.

काहीही न उघडता हे तपासता येतं. स्प्रॉकेट बदलण्याआधी टॉप गिअरमध्ये, समजा ५००० आरपीएमला, मीटर किती दाखवतो ते लिहून ठेवा. बदलल्यावर त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला पुन्हा पाहा. आकडा तसाच आला तर सेन्सर गिअरबॉक्सवर आहे, कारण इंजिन आणि सेन्सर यांच्यामध्ये काहीच बदललेलं नाही. आकडा उतरला तर सेन्सर चाकावर आहे, मीटर बरोबर आहे आणि गाडी त्या आरपीएमला खरोखरच हळू चालली आहे. स्प्रॉकेट आधीच बदललं असेल तर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, चेनपासून हात आणि कपडे दूर ठेवून, पहिला गिअर टाका. मागचं चाक फिरताना मीटर शून्यावरच राहिला तर वेग पुढच्या चाकावरून येतो आणि पुढचं सगळं वाचायची गरज नाही. मीटर हलला तर वेग मागून येतो आहे; मग वायर चाकाकडे जाते की गिअरबॉक्सकडे, एवढं पाहायचं. एबीएसच्या गाडीत या चाचणीने दिवा लागू शकतो. गाडी बंद करून थोडी चालवली की सहसा तो जातो.

आता हिशोब. मागचे दाते भागिले पुढचे दाते म्हणजे गुणोत्तर. मूळ १६/४३ (पुढे १६, मागे ४३ दाते) असेल तर ४३ ÷ १६ = २.६८७५. नवीन १५/४५ बसवलं तर ४५ ÷ १५ = ३.०००. मीटर किती फुगला? ३.००० ÷ २.६८७५ = १.११६, म्हणजे ११.६ टक्के. पण दुरुस्ती ११.६ टक्क्यांची नाही. २.६८७५ ÷ ३.००० = ०.८९६, म्हणजे वजा १०.४ टक्के. इथे हमखास गोची होते. ११.६ ने वाढलेली संख्या ११.६ ने कमी केली तर मूळ जागी येत नाही, जवळजवळ १.४ टक्के खाली उतरते. मूळ भागिले नवीन, त्यातून एक वजा, गुणिले शंभर: दुरुस्तीच्या डब्यात (सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये बसवायच्या सर्किटात) टाकायचा आकडा हा. चेनचं माप ५२० वरून ५२५ केलं, कड्या वाढवल्या किंवा चेन ताणली गेली, तरी या आकड्याला धक्का लागत नाही. इथे फक्त दाते मोजायचे.

उलट्या दिशेने गेलात, म्हणजे हायवेवर आरपीएम उतरावेत म्हणून १४/४५ चं १५/४५ केलंत, तर मीटर खरा वेग लपवतो. मूळ मीटर अगदी अचूक धरला तरी खऱ्या ८० ला तो आता ७५ च्याही खाली दाखवेल. फुगलेला मीटर नुसता चिडवतो, हा मात्र दंड भरायला लावतो. दुरुस्ती अधिक ७.१ टक्के.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण दाते मोजायच्या भानगडीत पडत नाहीत. मोबाइलवर जीपीएस लावतात, मीटर आणि जीपीएस यांतला फरक काढतात आणि तोच डब्यात भरतात. काटा जीपीएसशी जुळतो, गडी खूश. पण त्या फरकात दोन चुका मिसळलेल्या असतात: एक गिअरिंगची, दुसरी कारखान्याने मुद्दाम ठेवलेली. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत चालतं. म्हणून उत्पादक काटा थोडा वर ठेवतात. रनिंग (चाललेले किलोमीटर) मात्र सेन्सरच्या त्याच पल्सवरून, म्हणजे दर दात्याला येणाऱ्या विजेच्या ठोक्यांवरून, वेगळं मोजलं जातं आणि त्यात ही वाढ सहसा नसते.

समजा मूळ मीटर खऱ्या १०० ला १०५ दाखवत होता आणि रनिंग बरोबर मोजत होता. वरच्या उदाहरणातलं स्प्रॉकेट बसवल्यावर तो ११७ दाखवेल. नियमाची मर्यादा त्या वेगाला ११४ आहे, म्हणजे दुरुस्ती हवीच. जीपीएसशी जुळवायचं म्हटलं तर वजा १४.७ टक्के भराल. काटा १०० वर येईल, पण आता प्रत्येक खऱ्या १००० किमीला रनिंग ९५२ च पडेल. ऑइल बदलायला उशीर होईल, आणि अ‍ॅव्हरेज काढाल ते खऱ्यापेक्षा कमी येईल. वजा १०.४ भरलं तर काटा पूर्वीसारखा ५ टक्के चढा राहील आणि रनिंग अचूक. डबा पल्स बदलतो, आकडे नाही; काटा आणि रनिंग दोन्ही एकाच दोरीने हलतात. माझं मत स्पष्ट आहे: दात्यांचा हिशोब भरा, कारखान्याची चढती चूक तशीच राहू द्या. खरा वेग बघायचाच असेल तर जीपीएस हँडलवर आहेच.

डबा म्हणजे सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये बसणारं छोटं सर्किट. स्पीडोहीलर, स्पीडोडीआरडी ही त्यातली परिचित नावं. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कनेक्टरचा हार्नेस (वायरींचा संच) मिळत असेल तर तोच घ्या, वायर कापू नका. हार्नेस नसेल तर सेन्सरच्या तीन वायरी ओळखा: सप्लाय, अर्थ, सिग्नल. सप्लाय आणि अर्थ तोडायच्या नाहीत, त्यांना फक्त टॅप मारायचा, म्हणजे न तोडता जोड काढायचा. कापायची ती एकटी सिग्नलची वायर. सेन्सरकडचं टोक डब्याच्या इनपुटला, मीटरकडचं आउटपुटला. सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती चिकटपट्टी पहिल्या पावसात सुटते. डबा इग्निशन कॉइल आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. जोडल्यावर मीटर शून्यावरच राहिला तर इनपुट-आउटपुट उलटे लागलेत किंवा चुकीची वायर कापलीय. गाडी उभी असताना रेस दिल्यावर काटा थरथरला तर अर्थ कच्चा आहे. एबीएसच्या चाकावरच्या सेन्सरच्या वायरीत असला डबा कधीही घुसवायचा नाही.

गिअर इंडिकेटर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. काही गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आरपीएम आणि वेग यांच्या भागाकारावरून गिअर ओळखतो. सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर स्प्रॉकेट बदलूनही हा भागाकार बिघडत नाही. डबा लावल्यावर मात्र बिघडू शकतो. सिग्नल ईसीयूकडे आणि मीटरकडे वेगवेगळा फुटत असेल तर डबा फाट्याच्या पुढे, मीटरच्या बाजूला बसवा. ईसीयूला मूळ सिग्नल मिळू द्या.

हाताने सर्किट करणाऱ्यांसाठी: दर येणाऱ्या पल्सला मायक्रोकंट्रोलरमध्ये ८९६ जमा करा, बेरीज १००० किंवा वर गेली की एक पल्स पुढे सोडा आणि १००० वजा करा. रनिंग यात चोख राहतं. मधूनच एखादी पल्स गळत असल्यामुळे कमी वेगात आकडा किंचित नाचतो. पल्स वाढवायच्या असतील तर ही युक्ती चालत नाही. दोन पल्समधला वेळ मोजून नव्याने पल्स तयार कराव्या लागतात, आणि गाडी थांबल्यावर त्या बंद पडतील अशी वेळमर्यादा घालावी लागते, नाहीतर सिग्नलला उभ्या गाडीचा मीटर वेग दाखवत राहील. बऱ्याच गाड्यांत सेन्सर सिग्नलची वायर फक्त अर्थला ओढतो. तुमचं आउटपुटही ट्रान्झिस्टरच्या ओपन कलेक्टरमधून तसंच द्या. सप्लाय ५ व्होल्टचा आहे की १२ चा, ते मल्टिमीटरने आधी बघा.

शेवटची पडताळणी अंतरावर करा, वेगावर नको. किमान २० किमीचा जीपीएस ट्रॅक आणि ट्रिप मीटर यांची तुलना करा. एक-दीड टक्क्याचा फरक आला तर लगेच आकडे बदलू नका, आधी टायर बघा. १४०/७०-१७ च्या टायरची त्रिज्या साधारण ३१४ मिमी असते. त्यातले ५ मिमी झिजले तर १.६ टक्के तिथेच गेले. झिजक्या टायरवर मीटर जुळवला तर नवा टायर टाकल्यावर तो पुन्हा हलणार.

नवीन स्प्रॉकेट लावल्याबरोबर मीटर पार बंद पडला, तर त्याचा गुणोत्तराशी संबंध नाही. सेन्सर स्प्रॉकेटचे बोल्ट किंवा नटाखालची रिंग वाचत असेल आणि ती जुन्या स्प्रॉकेटसोबत निघून गेली असेल, तर मोजायला काही उरतच नाही. जुना भाग फेकण्याआधी शेजारी ठेवून बघा. सेन्सरच्या तोंडावर चेनचं काळं ग्रीस आणि लोखंडी कीस साचलेला असतो, तोही पुसून घ्या.

डबा लावायचाच नसेल तर स्प्रॉकेट बदललं त्या दिवशीचं रनिंग सर्व्हिस बुकात लिहा आणि पुढच्या किलोमीटरना ०.८९६ ने गुणा. मीटरवर ४००० वाढले असतील तर गाडी खरी ३५८४ किमी चालली आहे, आणि पेट्रोलचं अ‍ॅव्हरेजही त्याच ३५८४ वरून काढायचं.