'व्हील'चा माग : मधला 'ग' अखेर सापडला

मागच्या नोंदीत इंग्रजी 'व्हील' जुन्या इंग्रजीतल्या 'ह्वेओल'पर्यंत नेऊन ठेवला होता. तिथून पुढे, म्हणजे खरं तर मागे, जाताना पंधरा दिवस एकाच जागी अडलो.

संस्कृत, ग्रीक, इंग्रजी अशा भाषांची अनुमानाने मांडलेली पूर्वज म्हणजे आदि-इंडो-युरोपीय भाषा. तिच्यासाठी मानलेलं मूळ रूप साधारण 'क्वेक्वलोस' असं. 'क्वेल' म्हणजे फिरणं, त्याचं द्वित्त. आपल्या 'भिरभिरं'सारखीच घडण! इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली, तिथे ग्रिमच्या नियमाने (मूळ व्यंजनं त्या शाखेत ठरावीक रीतीने कशी बदलली, हे सांगणारा नियम) 'क्व'चा 'ह्व' झाला, इथवर सरळ आहे. पण जुन्या इंग्रजीत 'ह्वेओल'च्या जोडीला 'ह्वेओगोल' असंही रूप मिळतं. हा मधला 'ग' आला कुठून?

उत्तर डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने 1875 साली शोधलेल्या नियमात आहे. मूळ भाषेत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, लगेच आधीच्या स्वरावर नसेल, तर असा मधला 'ह' घोष (कंठातल्या कंपासह उच्चारलेला) होऊन 'ग'कडे वळतो. म्हणजे आघात पुढच्या अक्षरावर हवा. मग ऋग्वेद काढला. पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात 'वर्वर्ति चक्रं परि द्याम्' आहे. तिथे 'च'खाली आडवी रेघ, म्हणजे 'च'चा स्वर खालचा आणि 'क्र' उदात्त, उंच स्वरातला, म्हणजेच आघाताचा. आघात नेमका हवा तिथेच! जुन्या इंग्रजीतल्या एका 'ग'ची साक्ष वैदिक स्वर देतो, हे पाहून त्या रात्री झोप लागली नाही.

'चक्र'मध्ये आधी 'च' आणि मग 'क' का, हेही उलगडलं. पहिल्या 'क्व'पुढे 'ए' होता. त्याने 'क'चा 'च' केला आणि मग स्वतः 'अ' झाला. दुसऱ्यापुढे 'ए' नव्हता, म्हणून 'क' टिकला. पुढे प्राकृतात 'चक्क', मराठीत 'चाक'. सप्त, सत्त, सात याच चालीने. फारसीत 'चर्ख' झाला, त्यातून आपला चरखा. ग्रीकमध्ये 'कुक्लोस', तो लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'सायकल'. तेव्हा 'सायकलचं चाक' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो.

एक दुरुस्ती: आधीच्या तक्त्यात मी 'सर्कल'ही याच कुळात घातला होता. तो लॅटिन 'सर्कुलुस'चा, मूळ वेगळं. खोडला आहे, तुमच्या प्रतीतही खोडा.

आता ध्रुव या अर्थाचा 'पोल' घेतलाय. ग्रीक 'पोलोस' म्हणजे आस. धातू 'क्वेल' हाच, पण 'क्व'चा तिथे 'प' कसा होतो याची उदाहरणं जमवतोय. 'पंच' आणि 'पेंते' ही जोडी इथे कामाची नाही, तिथला 'प' मुळातलाच आहे.