कॅरव्हॅन, फेरीबोट आणि ओहोटी : माझा अनुभव

गेल्या जानेवारीत मी, यजमान, दोन मुले, सासूबाई आणि गाडीबरोबर आलेले चालककाका असे सहा जण भाड्याची कॅरव्हॅन, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली लांब गाडी, घेऊन अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याला गेलो. दिवेआगर, हर्णै, गुहागर ही ठिकाणे सर्वांच्या परिचयाची आहेत आणि तिथे आम्हांला काहीही अडचण आली नाही, म्हणून त्यांचे वर्णन करीत नाही. लिहायचे आहे ते खाड्या ओलांडण्याविषयी, कारण त्या एका दुपारचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

वाटेत चार खाड्या आम्ही गाडीसकट फेरीबोटीने ओलांडल्या : आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. असे केल्याने आत दूरवर जाऊन पुन्हा किनाऱ्याला येण्याचा मोठा वळसा वाचतो. यांतल्या एका जेटीवर आम्ही दुपारी साडेतीनला पोहोचलो. खिडकीवरच्या माणसाने गाडीकडे एकदा पाहून बसच्या दराचे तिकीट फाडले आणि रांगेत उभे राहायला सांगितले. बोट लागली, आमची पुढची चाके तिच्या लोखंडी फळीवर चढली, आणि मागून खरखर असा आवाज आला. सांडपाण्याच्या टाकीचा नळ जेटीच्या शेवाळलेल्या उतारावर टेकला होता. काकांनी गाडी मागे घेतली, आणि त्यानंतर आम्हांला प्रत्येक वेळी एवढेच सांगण्यात आले, ‘पुढच्या बोटीला बघू.’ एकामागून एक चार बोटी मोटारी भरून निघून गेल्या. नेमकी अडचण काय आहे, ती किती वेळाने सुटेल, की आम्ही परत फिरून वळशाचा रस्ता धरावा, हे विचारायला मी खिडकीवर तीनदा गेले आणि तीनदा उत्तराविना परतले. तिकीट घेताना कोणी एक वाक्य बोलले असते, तर मुलांना तेवढा वेळ समुद्रावर तरी नेता आले असते.

उत्तर मिळाले ते जाळे विणत बसलेल्या एका वयस्क कोळ्याकडून. ‘ताई, ओहोटी आहे. बोट खाली गेलीय, उतार खडा झालाय, तुमची गाडी मागून लांब आहे. पाणी चढू द्या.’ मग त्यांनी तिथी विचारली. सासूबाईंचा प्रदोषाचा उपवास असल्यामुळे त्यांनी लगेच त्रयोदशी असल्याचे सांगितले. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, असा त्यांचा हिशेब होता. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणून भरती रात्री पावणेदहाला आणि ओहोटी तिच्या सुमारे सहा तास आधी, म्हणजे नेमकी आम्ही पोहोचलो त्या वेळी. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि हा फरक कमी राहतो. लांब गाडी घेऊन जाणाऱ्यांनी शक्यतो अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत.

सूर्यास्तानंतर गाडीतच मुगाची खिचडी शिजवली आणि सासूबाईंनी जेटीवरच उपवास सोडला. सातच्या बोटीला गाडी चढली, तेव्हा मी खाली वाकून पाहत होते : नळ आणि उतार यांच्यात चार बोटांचे अंतर होते.

गाडी ठरवताना आम्ही किती जण झोपू शकतो एवढेच विचारले होते. खरे म्हणजे एकूण लांबी, उंची आणि मागच्या चाकांच्या पाठीमागे उरणारा भाग किती आहे, हे आधी विचारून कागदावर लिहून घ्यायला हवे. आंजर्ल्याच्या बाजूला दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, असलेल्या अरुंद गल्ल्या आहेत, तिथेही हीच मापे कामाला येतात. वाडीत मुक्काम केला तर नारळाखाली गाडी लावू नये, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी ती पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उतरवू नये.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. चौदाची पाऊणपट साडेदहा, आणि भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून आम्ही सकाळी दहालाच पुढच्या जेटीवर हजर झालो आणि पहिल्याच बोटीत चढलो.