६१० सेंटिमीटरवरची कुजबुज

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात मुंबईच्या वकिलांनी सशस्त्र सेना लवादाचे, म्हणजे सैनिकांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचे, दोन निकाल एकाच दुपारी मोबाइलवर पाठवले. एक गोव्यातल्या पेडण्याच्या हवालदाराचा, दुसरा सत्तरी तालुक्यातल्या तोपचीचा. दोघांचेही कागद मीच लावलेले. हवालदाराचा अपंगत्व पेन्शनचा अर्ज मंजूर, तोपचीचा फेटाळला. हवालदाराला फोन केला. तोपचीला फोन करून उपयोग नसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वाळपईची कदंब बस पकडली.

मी सैन्यात क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता माजी सैनिकांची अपिलं लिहून देतो. अपंगत्व पेन्शन म्हटलं की लोकांना पाय गमावलेला जवान दिसतो. ‘हातापायांनी धडधाकट आहे की, कसली पेन्शन?’ हे मी देवळाच्या मंडपात बसून ऐकलं आहे आणि त्याचा मला फार राग येतो. माझ्याकडे येतात ते रक्तदाब, मधुमेह, मणका आणि कान घेऊन.

या सगळ्यांचं भवितव्य एका कागदावर ठरतं. घरी सोडण्याआधी रिलीज मेडिकल बोर्ड होतं, त्याचा अहवाल. त्यात दोन गोष्टी लिहिल्या जातात: आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला का, आणि अपंगत्व किती टक्के. जवानाचं लक्ष त्या दिवशी रेल्वे वॉरंटवर, म्हणजे घरी जायच्या तिकिटावर असतं. डॉक्टर विचारतात, ‘कैसे हो?’ तो म्हणतो, ‘ठीक हूँ साब.’ आयुष्यभर हेच उत्तर द्यायला शिकवलेलं. मग सही.

पेडण्याचा हवालदार मराठा लाइट इन्फंट्रीतला, २०१० साली घरी आलेला. रक्तदाब, तीस टक्के, कायमचा. पण शेरा असा, की नोकरीमुळे झालेला नाही आणि वाढलेलाही नाही. कारण एका ओळीचं: सुरुवात ‘पीस स्टेशन’वर, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठाण्यावर झाली. पहिल्या अपिलाला हेच उत्तर, दुसऱ्याला तेच वाक्य, फक्त तारीख वेगळी. फाइल कुणी उघडलीच नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

मी उघडली. डिस्चार्ज बुकवरून त्याच्या बदल्यांचा तक्ता केला, प्रत्येक तारखेसमोर ‘फील्ड’ की ‘पीस’ ते लिहिलं. काश्मीरच्या फील्ड भागात दोन वर्षं काढून तो खाली आला आणि चौथ्या महिन्यात रक्तदाब सापडला. चौकीवरचा शिपाई डोकं दुखतं म्हणून रक्तदाब मोजायला खाली उतरत नाही. आजार पकडला गेला ती जागा आणि आजार जडला ती जागा एकच, हे बोर्डाने कशावरून धरलं? १९८२ च्या नियमांप्रमाणे भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असंच धरायचं होतं आणि सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात हेच सांगितलं. लवादाने ते मानलं. शिवाय टक्के वरच्या टप्प्यावर नेऊन धरायच्या २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे तीस टक्क्यांचे पन्नास झाले. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के मिळतात, म्हणजे त्याचे नऊ टक्के होते ते पंधरा झाले. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची. अर्ज २०२० चा, म्हणजे सात वर्षं पाण्यात. तरी तो फोनवर रडला.

तोपचीची गोष्ट उलटी. १९९० ची भरती, १९९९ ला द्रासमध्ये बोफोर्सवर. दोन्ही कान गेले. भरतीच्या वेळी डॉक्टरकडे पाठ करून उभं राहायचं आणि ६१० सेंटिमीटरवरून केलेली कुजबुज ओळखायची असते. ती त्याने दोन्ही कानांनी ओळखली होती, कागदावर आहे. २०१६ मध्ये बोर्डाने स्वतःच लिहिलं की बहिरेपण नोकरीमुळेच आलं. भांडायला जागाच नाही. पण टक्के: पंधरा ते एकोणीस. वीसच्या आत अपंगत्वाचं काहीच मिळत नाही.

आता माझं. त्या काळात लवादाने काही अर्जांत पंधरा-एकोणीस टक्क्यांनाही वर नेऊन पन्नास केलं होतं. मी दोन्ही अपिलांत आणि २०१९ च्या अर्जात सगळा भर त्याच मुद्द्यावर दिला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने विंग कमांडर राठोर यांच्या खटल्यात सांगितलं, की वीसच्या खाली अपंगत्व पेन्शनच नाही, म्हणून वर नेण्याचा प्रश्नही नाही. पायाखालची फळीच गेली. पण पहिल्याच अपिलात मी टक्क्यांनाच हात घालायला हवा होता. कानांची नव्याने तपासणी मागायला हवी होती. २०१७ मध्ये ते सुचलं होतं. मुद्दा सोपा वाटला म्हणून मी आहेत त्याच टक्क्यांचे पन्नास करून घेण्याच्या वाटेने गेलो.

घरी पोचलो तेव्हा तो स्टुलावर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होता. सुपारीचे घोस, कवंडळं खाली टोपलीत. वहिनी त्याला एकेक वर देत होत्या. मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, ‘नामंजूर झालं.’ वहिनींचा हात थांबला. तो हसत म्हणाला, ‘काय साब? मंजूर?’

मग मला ओरडून सांगावं लागलं. ‘नामंजूर! वीसपेक्षा कमी आहे म्हणून!’ शेजारच्या अंगणातली माणसं वळून बघायला लागली. तिसऱ्यांदा त्याला कळलं. तो खाली उतरला, कवंडळाचा वेल हातातच.

‘पेडण्यावाल्याचं?’

मी बोटांनी दाखवलं, पाच आणि शून्य.

‘बरं झालं,’ तो म्हणाला. मनापासून म्हणाला. मग वहिनींना म्हणाला, ‘साबांना चहा दे, लांबून आलेत.’

बोर्डाने मान्य केलेला माणूस रिकाम्या हाताने आणि नाकारलेला माणूस पन्नास टक्क्यांवर. दोन्ही निकाल मी शब्दन् शब्द वाचले. लवादाची चूक मला कुठे सापडत नाही, आणि तेच जास्त टोचतं. एकोणीस आणि वीस यांमधला फरक कुठल्या कानाला कळतो?

चवथ झाल्यावर त्याला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात घेऊन गेलो. ऑडिओग्राम काढला. २०१६ च्या बोर्डाच्या आलेखावर नवा आलेख ठेवून उजेडाकडे धरला, तर दोन्ही कानांची रेघ बरीच खाली उतरली आहे, म्हणजे ऐकणं आणखी घटलंय. फेरतपासणीचा अर्ज लिहायला घेतलाय. यावेळी पहिलं वाक्य टक्क्यांवरच आहे.