आठ तास चाळीस मिनिटं म्हणे!

परवा सहज बघत होतो की फिनलंडची राजधानी हेलसिंकी ते टोकियो किती लांब आहे. एका साईटवर दोन शहरांची नावं टाकली की फटकन उत्तर येतं, अंतर साधारण 7,800 किमी, वेळ 8 तास 40 मिनिटं. म्हटलं वा, एक झोप काढली की पोचलो! मग तिकिटं बघायला गेलो तर डायरेक्ट फ्लाईट 13 तासांची. आधी वाटलं मीच काहीतरी चुकीचं टाकलंय.

तर त्या साईटने काय केलं होतं, अंतर घेतलं आणि 900 ने भागलं. बास. आता विमान वर गेल्यावर ताशी साधारण 900 किमीने जातं हे खरंय, पण ते चढताना उतरताना हळू असतं, आणि तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, म्हणजे रनवेपर्यंत जमिनीवर रांगत जायचं तेही त्यातच धरलेलं.

शिवाय वारा. वर 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, कधीकधी ताशी 300 किमीच्याही वर. न्यूयॉर्क ते लंडन म्हणूनच साधारण 7 तास आणि परत येताना 8 च्या आसपास, अंतर तेच हां! फेब्रुवारी 2020 मध्ये तर वादळाच्या वाऱ्यावर बसून एक विमान न्यूयॉर्कहून 5 तासांच्या आत लंडनला उतरलं होतं. (काही लोक अजून सांगतात की हा पृथ्वी फिरण्याचा परिणाम, खाली शहर सरकतं वगैरे. अहो, पृथ्वीबरोबर हवापण फिरते ना, विमान काय हवेच्या बाहेर उडतंय का!)

पण हे सगळं धरलं तरी चार-साडेचार तासांचा फरक कसा पडेल? हे मला जरा उशिरा कळलं. पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर हेलसिंकी आणि टोकियोमध्ये दोरा ताणून बघा. सपाट नकाशावर रेघ मारली तर ती कझाकस्तानातून जाते, दोरा मात्र वर सरकून थेट सायबेरियावर जातो, तोच खरा जवळचा रस्ता. आणि तो जवळजवळ अख्खा रशियाच्या डोक्यावरून आहे. तिथेच घोळ आहे, 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि रशियाने युरोपियन युनियनच्या (म्हणजे फिनलंडच्याही) विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्याआधी हीच फ्लाईट साडेनऊ तासांच्या आसपास व्हायची. आता एकतर खालून मध्य आशिया, चीनवरून वळसा, नाहीतर वरून उत्तर ध्रुवाकडून, त्या दिवशी वारा कसा आहे ते बघून. म्हणजे साईटचं 7,800 चुकीचं नाहीच, फक्त त्या 7,800 वरून जायची परवानगी नाहीये.

ध्रुवावरून गेलात तर फिनएअर ही फिनलंडची विमान कंपनी प्रवाशांना सर्टिफिकेट देते असं वाचलं, उत्तर ध्रुव ओलांडला म्हणून. 13 तास बसायचंच असेल तर मी तरी तोच रस्ता मिळू दे म्हणेन, खिडकीची सीट घेऊन.